सात नंबरचं बदक

४ मार्च, सोमवार

झानसुलूने आजही बदक — प्रयोगाचं, पाळण्यात डुलवायचं लांब मानेचं काचेचं भांडं — धुतलं नाही. स्पिरिट ओतलं, दोनदा हलवलं, पालथं घातलं — झालं. मी, सगळ्यांची अपाय, म्हणजे बाई, दारात उभी होते. मला पाहून तिने घसा खाकरला, जणू खाकरल्याने काच साफ होते.

"अपाय, यात लोखंडाशिवाय दुसरं काही जात नाही. आणि लोखंड रोज त्यातच जातं."

"मग उद्यापासून ताटही धुऊ नकोस. मांस रोज त्यातच वाढतात."

ती हसली. मी हसले नाही.

नियम साधा आहे. ज्या बदकात पॅलेडियम गेलं ते आम्लराजात उकळायचं, कारण पॅलेडियम दुसऱ्या कशाला दाद देत नाही. बाकीची नारिंगी आम्लात बुडवून ठेवायची. कुठल्या बदकात काय गेलं ते नोंदवहीत. नोंदवही माझ्या खणात, खणाची किल्ली माझ्या गळ्यात. एकोणीस बदकं, एकोणीस पानं. चाळीस वर्षं हे असंच चाललंय — मधली दोन सोडली तर.

सत्तावीस वर्षांच्या मुलीला भांडी धुवायला शिकवावं लागतं, आणि ती जूनमध्ये रसायनशास्त्राची डॉक्टर होणार.

६ मार्च, बुधवार

येस्बोलात आज व्हरांड्यात जवळजवळ नाचला. आता तो विभागप्रमुख आहे, सगळे त्याला येस्बोलात अगाय, म्हणजे सर, म्हणतात. ब्युरेट डोळ्यासमोर धरून वाचायची असते हे त्याला मी शिकवलं होतं.

कारण असं की झानसुलूच्या लोखंडाने चौदाव्यांदा काम केलं. अत्तरवाल्यांना लागणारं तेल बनवायचं: हायड्रोजन देऊन रेणूतल्या तिहेरी बंधाचा दुहेरी करायचा आणि तिथेच थांबायचं. एकेरी झाला की सुगंध गेला, माल वाया. हे नाजूक काम आजवर पॅलेडियम करत आलं, आणि पॅलेडियम सोन्यासारखं तोलून मिळतं. हिचे लोखंडाचे नॅनोकण ते खोलीच्या उबेत, बिनादाबाचं करतात. कण इतके बारीक की केसाच्या जाडीत दहा हजार शेजारी शेजारी मावतील. तीन वर्षं ती हेच करते आहे. १४ जूनला तोंडी परीक्षा. दोन्ही मजल्यांवर लव्हेंडरचा वास पसरला होता, हिशेब विभागातल्या बायका विचारायला आल्या कोणी नवीन अत्तर घेतलं का.

"लोखंड इतकं शहाणं कधीपासून झालं?" मी विचारलं.

"अपाय, तुम्ही कधी आनंदी होता?" येस्बोलात म्हणाला.

"कोरा प्रयोग पाहिल्यावर."

झानसुलूने लगेच पान उघडून दाखवलं. लोखंड न घालता, बाकी सगळं तेच. बदक डुललं, ब्युरेटमधलं पाणी तसूभर चढलं नाही. म्हणजे हायड्रोजन कोणी खाल्लाच नाही. लोखंडाशिवाय काही होत नाही. पान नीट आहे, अक्षर नीट आहे.

तरी मला ते पटत नाही. का ते सांगता येत नाही, म्हणून आज गप्प बसले.

८ मार्च, शुक्रवार

महिला दिन. एक ट्युलिप, एक केक, येस्बोलातचं भाषण. केक बरा होता.

१३ मार्च, बुधवार

सापडलं. कोऱ्या प्रयोगाच्या पानाच्या कोपऱ्यात बारीक आकडा आहे — १९. तिचे चौदाही यशस्वी प्रयोग सात नंबरच्या बदकात. कोरा मात्र एकोणीसमध्ये, जे आमच्या काचकारागिराने, आर्तुर कार्लोविचनी, नाताळात फुंकलं.

"कोरा प्रयोग सातमध्ये का नाही केलास?"

"सात चांगलं चालतंय. त्याला उगीच कशाला…"

"उगीच काय?"

"रिकामं डुलवायचं."

मग विचारलं, एकोणीसमध्ये लोखंड घालून पाहिलंस? पाहिलं होतं. चाललं नव्हतं. ते तिने वहीत लिहिलंय, लपवलेलं नाही, पण खाली शेरा मारलाय: 'नवी काच, अजून मुरलेली नाही.' येस्बोलातने त्या शेऱ्याखाली सही केली आहे! दोघांत मिळून एक पदवीधर सापडत नाही.

आर्तुर कार्लोविचना हे सांगितलं. चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस, सगळी मुलंबाळं जर्मनीत, हा इथे आमच्यासाठी काच फुंकतो. त्यांनी दिवा बंद केला, चष्मा कपाळावर सरकवला.

"माझी काच मुरावी लागते? उर्किया झाकेनोव्ना, मी बरणीत काकड्या घालतो का?"

"मला सांगू नका. तिला सांगा."

"तुम्ही सांगा. तुमचं ओरडणं मुरलेलं आहे."

२० मार्च, बुधवार

उद्यापासून नौरूझची सुट्टी. झानसुलूने घरून नौरूझ-कोझे करून आणलं, एवढा मोठा डबा. सात जिन्नस घातलेलं, आंबट, दाट. मी दोन वाट्या संपवल्या. वाईट बोलणार नाही.

तिसऱ्या वाटीला ती तिच्या आईबद्दल बोलायला लागली. कार्कारालीजवळचं गाव, चौदा घोड्या, उन्हाळाभर घोडीच्या दुधाचं आंबवलेलं कुमिस. "आई साबा कधी धूत नाही, अपाय. चामड्याची पिशवी धुतली की मेली. ती धूर देते, आणि तळाशी थोडं जुनं कुमिस राहू देते. त्याच्यामुळे नवं दूध आंबतं. आजीच्या वेळचं आहे ते विरजण."

माझा चमचा तसाच राहिला.

"आणि सात नंबरमध्ये?"

ती खाली बघायला लागली. "थोडंसं ठेवते, अपाय. तळाशी. मग जमतं."

"तू लोखंडाला विरजण लावतेस?"

"तुम्ही असं म्हटलं की ते वेडेपणाचं वाटतं."

"ते न म्हणताही तसंच आहे."

तीन वर्षं! मी एवढी चिडले की तिसरी वाटी पूर्ण खाल्ली.

२६ मार्च, मंगळवार

सात नंबर मी स्वतः धुतलं. साबण, ब्रश, वाफ, मग नारिंगी आम्लात बुडवलं. गुरुवारपर्यंत राहील. झानसुलू शेजारी उभी होती, जणू मी तिच्या पोराला गार पाण्यात बसवत होते.

"आता बघ," मी म्हटलं. "तुझं विरजण गेलं. आता कोरा प्रयोग सातमध्ये, आणि मग लोखंड घालून. दोन्ही माझ्यासमोर."

२८ मार्च, गुरुवार

कोरा प्रयोग. बदक चकचकीत, लोखंडाचा कणही नाही. फक्त तेल, अल्कोहोल, हायड्रोजन. पाळणा सुरू केला.

चार मिनिटं काही नाही. पाचव्या मिनिटाला ब्युरेटमधलं पाणी चढायला लागलं. हळू नाही. नेहमीसारखं. वीस मिनिटांत खोलीत लव्हेंडर.

झानसुलूने पाळणा बंद केला. म्हणजे तीन वर्षं काम लोखंडाने केलंच नाही. बदकाने केलं. रिकाम्या बदकाने.

तिला म्हटलं, घरी जा. ती गेली. मी दोनदा हात धुतले, हातांना काही लागलेलं नसताना.

२९ मार्च, शुक्रवार

बदक कशाने काम करतं, हाच प्रश्न. काच हायड्रोजन खात नाही. त्यात पॅलेडियम असणार, दुसरं काही नाही. पण झानसुलूने तयार तेल तपासून घेतलं होतं, त्यात पॅलेडियमचा मागमूस नाही. म्हणून तर ती निर्धास्त होती. म्हणजे पॅलेडियम सुटून तेलात येत नाही. काचेला धरून बसलं आहे.

नोंदवही काढली. सात नंबरचं पान: 'सप्टेंबर १९९५ — सेंद्रिय द्रावणं. नारिंगी आम्ल.' अक्षर माझं. पॅलेडियमचा उल्लेख नाही. म्हणून हे बदक आम्लराजात कधी उकळलंच गेलं नाही. नियमाप्रमाणे.

मग जुनी वही काढली, १९९३ ची. सात नंबर, शेवटची नोंद ३ डिसेंबर. त्यापुढे कोरं.

कोरं का ते मला नीट आठवतं. आठवायचं नव्हतं, ही गोष्ट वेगळी.

तेव्हा मी एकतीसची होते आणि माझाही प्रबंध चालू होता. पॅलेडियमचे कण क्षारी द्रावणात बनवायचे, ते टिकाऊ करायचे. टिकत नव्हते, गुठळ्या व्हायच्या. परीक्षकांनी दोनदा लिहून दिलं होतं, 'कण अस्थिर, काम पुन्हा करून दाखवता येत नाही.' १० डिसेंबरला शेवटचा प्रयत्न सातमध्ये लावला. दुपारी वीज गेली. हीटर नोव्हेंबरपासून बंदच होते. वहीत लिहायला घेतलं तर पेन थंडीने चालेना. म्हटलं सोमवारी लिहीन, सोमवारी धुईन. सोमवारी संस्थेला कुलूप. नंतर दोन वर्षं मी बाजारात चिनी थर्मास विकले.

परत आले तेव्हा सातमध्ये तळाशी काळा थर होता. दोन हिवाळे ते क्षारी द्रावण काचेत गोठलं, वितळलं, गोठलं. काच खरवडली गेली असणार आणि कण त्या खाचांत जाऊन बसले असणार. मी तो थर घासून काढला, नारिंगी आम्लात घातलं, वहीत 'सेंद्रिय' लिहिलं. आम्लराजाला लागणारी आम्लं तेव्हा संस्थेत नव्हती. आणि तो प्रयत्न मला कुठे लिहून ठेवायचाच नव्हता.

या प्रयोगशाळेत एकच भांडं न धुतलेलं राहिलं, आणि ते माझं.

१ एप्रिल, सोमवार

झानसुलूला दोन्ही वह्या उघडून दाखवल्या. सगळं सांगितलं. तिला आधी वाटलं मी एक एप्रिलची गंमत करते आहे. मग म्हणाली, "अपाय, तुम्ही गंमत करत नाही." मग बसली.

"म्हणजे माझं लोखंड काहीच करत नाही?"

"नाही."

"तीन वर्षं?"

"तीन वर्षं ते पोहत होतं."

तिने दोन्ही वह्या मिटल्या. "येस्बोलात अगायना सांगितलंत?"

"नाही. प्रबंध तुझा आहे. चूक माझी आहे. आधी तुला सांगायला हवं होतं, ते सांगितलं."

२ एप्रिल

आली नाही.

३ एप्रिल, बुधवार

आली. डोळे सुजलेले, केस नीट बांधलेले, हातात परीक्षा समितीला लिहिलेलं पत्र. चार ओळी. 'लोखंड निष्क्रिय आहे. क्रियाशील धातू भांड्याच्या भिंतीवर आहे. विषय बदलून द्यावा.' मी एक स्वल्पविराम दुरुस्त केला.

मग येस्बोलातकडे. त्याने पत्र वाचलं, उलटं करून मागे काही आहे का ते पाहिलं.

"कोणी विचारलंय तुला? एकोणीसमधला कोरा प्रयोग शून्य आहे. लिहिलेलं सगळं खरं आहे. कोणी खोटं बोलत नाहीये."

"अगाय, मला आता माहीत आहे."

"मलाही माहीत आहे! मी गप्प बसू शकतो, तू का नाही?" मग माझ्याकडे वळला. "हे तुमचं काम. आयुष्यभर सगळ्यांच्या भांड्यांत वाकून बघता."

"यावेळी माझ्याच भांड्यात बघितलं, येस्बोलात."

त्याने सही केली, पण पेन असं आपटलं की शाई माझ्या बाहीवर उडाली. चांगला मुलगा आहे तो. घाबरट आहे, पण चांगला.

१२ एप्रिल, शुक्रवार

समितीचं उत्तर. विषय बदलायला हरकत नाही. परीक्षा सप्टेंबरमध्ये घेऊ. पण 'एका भांड्यावर पदवी देता येत नाही.' दुसऱ्या प्रयोगशाळेत हेच काम करून दाखवा, ३१ मेच्या आत. नाहीतर नोंदणी रद्द, म्हणजे तीन वर्षं रद्द, म्हणजे झानसुलू परत घोड्यांकडे.

त्यांचंही चुकत नाही. मला दोनदा हेच ऐकवलं होतं.

तिच्या वडिलांचा फोन मीच घेतला. १४ जूनचा तोय, म्हणजे मेजवानी, ठरलेला आहे, दोनशे माणसांना बोलावणी गेलेली, त्या दिवशी कापायचा घोडा हिवाळ्यापासून बांधून पोसलेला.

"परीक्षा पुढे गेली आहे," मी म्हटलं.

"किती पुढे?"

"सप्टेंबर. झाली तर."

"अपाय, माणसं थांबतील. घोडा आता दारातून बाहेर निघत नाही इतका झालाय, तो कसा थांबेल?"

"त्याला कमी द्या."

"पाहुण्यांना काय सांगू?"

"की तुमची मुलगी खरं बोलली."

"त्यावर तोय करतात का?" मनापासून विचारत होते.

१९ एप्रिल

आर्तुर कार्लोविचनी तीन नवी बदकं फुंकली. तिन्हीत पॅलेडियम आणि क्षार घालून त्यांच्या गॅरेजमधल्या फ्रीजरमध्ये. सकाळी आत, दुपारी बाहेर, परत आत. दोन हिवाळे पाच आठवड्यांत बसवायचे आहेत.

फ्रीजरमधले मासे त्यांनी शेजाऱ्याला देऊन टाकले. म्हणाले, "या वयात बाईमाणसासाठी मासे सोडले. कोणाला सांगू नका."

३० एप्रिल

वीस नंबर तडकलं.

७ मे

एकवीसही. आर्तुर कार्लोविच काचेशी जर्मनमध्ये बोलले. अर्थ विचारला नाही.

१६ मे, गुरुवार

बावीस टिकलं. धुतलं, लावलं. अर्धा तास बघत बसलो. पाणी जागच्या जागी. कण सगळे धुण्यात निघून गेले, भिंतीला काही धरलंच नाही. झानसुलू म्हणाली, "मुरायला वेळ लागतो," आणि मग स्वतःच तोंडावर हात ठेवला. आर्तुर कार्लोविच बावीस पुसायला लागले. काकड्यांची आठवणही काढली नाही, हे फार वाईट वाटलं.

येस्बोलातचं म्हणणं, सात फोडा आणि भिंत सूक्ष्मदर्शकाखाली बघा, निदान पॅलेडियम आहे हे तरी सिद्ध होईल. मी म्हटलं, आणि ३१ तारखेला समितीला काय दाखवू, काचेचा चुरा? फुटलेलं बदक म्हणजे कचरा. झानसुलूही म्हणाली, साबा फाडून कोणी बघत नाही. पहिल्यांदाच आम्ही दोघी एका बाजूला होतो.

उरतं एकच. सात नंबरच दुसऱ्या प्रयोगशाळेत न्यायचं.

२४ मे, शुक्रवार

कारागांदीच्या प्रयोगशाळेने होकार दिला. तिथल्या बाईंशी मी फोनवर बोलले. आवाज माझ्यासारखाच आहे, म्हणजे बरं आहे.

त्यांना तीनदा सांगितलं: धुऊ नका. त्यांनी विचारलं, "का?" मी म्हटलं, "ते मी तुम्हाला सांगते आहे याचंच मला आश्चर्य वाटतंय."

२७ मे, सोमवार

बदक लोकरीच्या जाड नमद्यात गुंडाळलं, नमदा उशीत, उशी झानसुलूच्या मांडीवर. मान कुठे आहे हे कळावं म्हणून वरून लाल धागा बांधला. गाडीचा डबा मी आधी चढून पाहिला. खालचा बाक, खिडकी बंद, समोर एक म्हातारे गृहस्थ.

"बाळ झोपलंय का?" त्यांनी विचारलं.

"एकतीस वर्षांचं आहे," झानसुलू म्हणाली. "आणि यांचं आहे."

मी तिला बजावलं: कोणाच्या हातात देऊ नकोस, चहावाल्याला जवळ येऊ देऊ नकोस, जेवताना बाजूला ठेवायचं नाही. ती म्हणाली, मग जेवू कशी? मी म्हटलं, जेवू नकोस. गाडी सुटायच्या आधी मी तिच्या पिशवीत सहा उकडलेली अंडी आणि कुर्त, म्हणजे वाळवलेल्या चक्क्याचे गोळे, ठेवलं. एका हाताने खाता येतं.

ती खिडकीतून हात हलवत होती. दोन्ही हातांनी उशी धर, असं मी बाहेरून ओरडले. सगळा फलाट बघायला लागला.

घरी आले. कपाट आवरलं. आवरलेलंच होतं.

२८ मे, मंगळवार

गाडी वेळेवर पोचली. बदक सुखरूप. उद्या सकाळी प्रयोग.

आज प्रयोगशाळेत शेल्फवर सात नंबरची जागा रिकामी दिसत होती. येस्बोलातने तिथे आपला चहाचा कप ठेवला. मी काही बोलले नाही, तर त्याने विचारलं, तब्येत बरी आहे ना.

एक गोष्ट इथेच लिहिते, दुसरीकडे लिहिणार नाही. उद्या तिथे पाणी चढलं नाही, तर ते लोक लिहून देतील, 'काम पुन्हा करून दाखवता येत नाही.' माझ्या बाबतीत हे दोनदा झालं, मी थर्मास विकून जगले. तिच्या बाबतीत होऊ नये.

२९ मे, बुधवार

झानसुलूचा फोन. बदक फुटलं. गाडीत नाही, स्टेशनवर नाही. तिथल्या बाईंनी आपल्या पाळण्याचा चिमटा आवळला आणि पोटच गेलं. बाई रडायला लागल्या, म्हणून हिला रडता आलं नाही. हिने तुकडे वेचले, त्यांच्या साध्या चंबूत टाकले, वर तेल ओतलं, हायड्रोजन सोडला आणि हलवत बसली.

पाणी चढलं.

एक तुकडा काढून दुसऱ्या चंबूत टाकला. तिथेही चढलं.

"तेवीस तुकडे आहेत, अपाय," ती म्हणाली. "कोणाकोणाला पाठवायचे?"